नांगर खोल जात नाही? आधी वरचा दगड खाली उतरवा

आमच्या घरातला मॅसी १०३५ माझ्यापेक्षा थोडाच लहान आहे. सिम्पसनचं तीन सिलिंडरचं इंजिन, पस्तीस हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद, आणि मागे दोन फाळांचा साधा नांगर. पलटी नव्हे, एकाच बाजूला, म्हणजे उजवीकडे माती टाकणारा. आता गावात पन्नास हॉर्सपॉवरचे ट्रॅक्टर आणि हायड्रॉलिक पलटी नांगर भाड्यानं फिरतात. तरी घरची सहा एकर मी याच जोडीनं नांगरतो. दरवर्षी कोणीतरी बांधावर उभं राहून सल्ला देतं, "नांगर वर चालतोय, दगड ठेव वर." हा लेख त्या सल्ल्यासाठी.

ट्रॅक्टरचं तेलपाणी, डिझेल, ब्रेक, टायरची हवा हे तुम्ही बघितलंय असं धरून चालतो. एकच सांगतो. जुन्या ट्रॅक्टरचं एअर क्लीनर तेलाच्या वाटीचं असतं. नांगरटीच्या धुळीत ते रोज उघडायचं, तळाला गाळ साचला असेल तर तेल बदलायचं.

वाफसा

काळ्या रानाला वाफसा, म्हणजे नांगरण्याजोगी ओल, नसेल तर ट्रॅक्टर घरी ठेवा. चार-पाच इंच खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून मोकळा झाला तर नांगर जोडा. चपटा होऊन तसाच राहिला तर थांबा, कारण ओल्यात नांगरलं की तासाच्या, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चराच्या, तळाला चकचकीत थर बसतो आणि त्यातून पुढे मूळही जात नाही नि पाणीही. उलट मे महिन्यात, जमिनीला भेगा पडल्यावर या ट्रॅक्टरनं काळं रान नांगरायला जाणं म्हणजे क्लचप्लेट बदलायची तयारी. ज्वारी-हरभरा निघाला की ओल आहे तोवर, आठ-पंधरा दिवसांत नांगरून टाका. उन्हाळाभर रान तापलं की हरळीच्या काशा नि किडींचे कोष वर येऊन मरतात.

फाळ बघा

नांगर जमिनीत जातो तो वजनानं नव्हे. फाळाचं टोक किंचित खाली वळलेलं असतं, म्हणून तो स्वतःला आत ओढून घेतो. नांगर सपाट फरशीवर ठेवा आणि फाळाखाली बघा. टोक आणि टाच टेकलेली, मध्ये तीन ते पाच मिलिमीटरची फट, असं दिसायला हवं. फट नाहीशी झाली असेल, टोक अंगठ्यासारखं बोथट झालं असेल, तर तो फाळ जमिनीवरून घसरत जाणार. लोहाराकडून शेवटून, म्हणजे टोक तापवून ठोकून, पाणी पाजून आणा किंवा नवीन घ्या. दोन्ही फाळ एकदम बदला. एक नवा नि एक झिजलेला ठेवला तर पुढचं सगळं सेटिंग फुकट जातं.

आता मुख्य गोष्ट: टॉप लिंक

ट्रॅक्टर हातात आला तेव्हा मी पहिले दोन हंगाम अक्षरशः जमीन खाजवली. चार-पाच इंचांच्या खाली नांगर जाईना. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून नांगराच्या सांगाड्यावर दगड बांधला. इंचभर फरक पडला, म्हणून पुढच्या दिवशी चुलतभावाला वर बसवलं. तिसऱ्या फेरीत जमिनीतल्या धोंड्याला फाळ अडकला, नांगर उसळला आणि भाऊ नांगरलेल्या बाजूला जाऊन पडला. दुसऱ्या बाजूला पडला असता तर मी आज नांगरटीवर लिहीत बसलो नसतो. नांगरावर माणूस बसवू नका. पाच मिनिटांसाठी नको, "हळू चालवतो" म्हणून नको, पोरगं हट्ट करतंय म्हणून तर मुळीच नको.

दोष कुठे होता ते नंतर कळलं. वरची टॉप लिंक, म्हणजे ट्रॅक्टर आणि नांगराचा माथा जोडणारा आट्यांचा दांडा, गंजून एकाच लांबीवर घट्ट बसला होता. कधीकाळी कोणीतरी तो फणासाठी, म्हणजे कल्टिव्हेटरसाठी, लावला होता, त्याच लांबीवर आम्ही नांगर ओढत होतो. डिझेलमध्ये रात्रभर बुडवून, दोन पान्हे लावून तो सोडवला. चार वेढे आखूड केला आणि पुढच्या तासाला नांगर आपणहून आठ इंच गेला. दोन हंगामांचं डिझेल नि भावाचा मुका मार, कशापायी? चार वेढ्यांपायी.

टॉप लिंक आखूड केली की नांगराचं नाक खाली जातं, लांब केली की वर येतं. कळायला सोपं आहे. चुका होतात त्या प्रमाणात. किती आखूड हवी हे तासाचा तळ सांगतो. मागच्या फाळाशेजारी जी सरळ लोखंडी पट्टी (लँडसाइड) तासाच्या भिंतीला घासत जाते, तिची टाच तळावर हलकी रेघ उमटवते. रेघ पुसट दिसली तर सेटिंग बरोबर. खोल नि चकचकीत उमटली तर टाच ओढली जातेय, लिंक लांब आहे. रेघच नसेल तर लिंक फार आखूड झालीय, नांगर नाकावर चालतोय. मग चाकं फिरायला लागतात आणि लोक म्हणतात ट्रॅक्टरात दम नाही. एका वेळी अर्धाच वेढा फिरवा, वीस-पंचवीस फूट चालवा, उतरून बघा. सीटवरून मान वळवून हे दिसत नाही. खाली उतरावंच लागतं.

या ट्रॅक्टरवर टॉप लिंकचं काम नुसतं नांगर धरायचं नाही. हॅरी फर्ग्युसननं जी तीन टोकांची जोडणी बसवली, जी १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसनमुळे जगभर गेली आणि जिचा वारसा आपल्या मॅसीत आहे, तिचं सगळं शहाणपण या दांड्यात आहे. नांगर खोल गेला की ओढ वाढते, टॉप लिंक पुढे ढकलली जाते, सीटच्या मागची जाड स्प्रिंग दबते आणि हायड्रॉलिक नांगर किंचित उचलतं. उचलताना नांगराचं वजन मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे चाकं पकड धरतात. म्हणूनच हलका ट्रॅक्टर दोन फाळ ओढू शकतो. वर दगड ठेवून आपण या व्यवस्थेच्या कामात फक्त अडथळा आणतो.

म्हणून नांगर सोडलेला असताना टॉप लिंक जोडायचा तो मागचा कान हातानं धरून पुढे-मागे ओढून बघा. तो खडखडला, ढिला हलला, तर स्प्रिंगला वाव पडलाय. मग नांगर कधी बुडतो, कधी उडी मारून वर येतो, आणि तास समुद्राच्या लाटेसारखा होतो. वाव काढून घ्यायचा. हे काम गावातल्या कोणत्याही गॅरेजवाल्याला देऊ नका. जुनी मॅसी खोललेला मेस्त्री शोधा. मी एकदा घाईत दिलं, त्यानं स्प्रिंग इतकी आवळली की नांगर वरच राहिला.

नांगरताना खोली ड्राफ्टच्या, म्हणजे ओढ बघून नांगर वर-खाली करणाऱ्या, दांडीनं ठेवायची. पोझिशनची, म्हणजे नांगर ठरावीक उंचीवर धरणारी, दांडी आड येणार नाही अशी पूर्ण खाली सोडायची. पोझिशनवर नांगरणारे बरेच आहेत. सपाट रानात निभतं, पण जिथे ट्रॅक्टरचं तोंड उंचवट्यावर चढतं तिथे नांगर बुडतो आणि इंजिन गुदमरतं.

उजवा-डावा समतोल

नांगरताना उजवी चाकं तासात असतात, त्यामुळे ट्रॅक्टर उजवीकडे कललेला चालतो. नांगर मात्र जमिनीला सरळ हवा. घरी सपाट जागी डावी दोन्ही चाकं लाकडाच्या ठोकळ्यांवर चढवा. ठोकळे नांगरटीच्या खोलीपेक्षा इंचभर कमी उंचीचे, कारण चाक थोडं रुततं. मग नांगर टेकवा आणि उजव्या लिफ्ट रॉडचं, म्हणजे खालच्या दांड्याला उचलणाऱ्या उभ्या दांड्याचं, हँडल फिरवून नांगराचे पाय ओळंब्यात आणा. रानात गेल्यावर पुढचा फाळ मागच्यापेक्षा खोल चालत असेल तर उजवी बाजू उचला, उथळ चालत असेल तर सोडा. एवढंच.

खालच्या दोन दांड्यांच्या साखळ्या मात्र ढिल्या ठेवा. नांगर हलतोय म्हणून त्या आवळणारे महाभाग मी पाहिलेत. नांगराला आपली वाट धरायला थोडी मोकळीक लागतेच. साखळ्या आवळल्या की स्टिअरिंग ओढतं आणि लँडसाइडची पट्टी एका हंगामात झिजते.

पहिला तास

उतार असेल तर उताराला आडवं नांगरा. बांध कितीही वाकडा असो, पाणी उताराच्या रेघेतून माती घेऊन जातं हे आमच्या वरच्या तुकड्यानं मला शिकवलंय.

दोन्ही टोकांना वळायला वीस फूट पट्टा सोडा, तो शेवटी नांगरायचा. साठ-सत्तर फुटांचा एक तुकडा धरून मधोमध काठ्या रोवा. पहिल्या तासाला चारही चाकं सपाटीवर असतात, म्हणून आधीच्या सेटिंगवर पुढचा फाळ नुसता खरवडतो आणि मागचा खोल जातो. घाबरू नका, तसंच हवंय. परत येताना त्याच तासात उजवं चाक घाला, मग दोन्ही फाळ सारखे चालतात. उजवीकडे वळत वळत मधला वरंबा धरून बाहेर जायचं. पहिला तास वाकडा गेला तर सबंध तुकडा वाकडा जातो. हँडलकडे बघू नका, समोरच्या काठीवर नजर ठेवा.

लो गिअरचा तिसरा, ताशी चार-पाच किलोमीटर. यापेक्षा पळवलं तर माती लांब फेकली जाते आणि तास उघडा राहतो. दरवर्षी मध्य एकाच जागी धरू नका, नाहीतर रानात मधे उंचवटा नि कडेला खोलगट होत जातं. एका वर्षी मधून, पुढच्या वर्षी कडेकडून.

वळताना नांगर उचला, मगच स्टिअरिंग फिरवा. जमिनीत फाळ ठेवून वळलात तर नांगराचा पाय वाकतो, आणि वाकलेला पाय पुन्हा कधी पहिल्यासारखा होत नाही.

अडकला तर

काही नांगरांच्या पायाला एक मऊ बोल्ट असतो, धोंडा लागला की तोच तुटावा म्हणून. तो तुटतो म्हणून चिडून हाय-टेन्साइल बोल्ट घालू नका. चाळीस रुपयांचा बोल्ट वाचवाल आणि नांगराचा पाय घालवाल. खिशात चार साधे बोल्ट ठेवा.

नांगर रुतला म्हणून साखळी ट्रॅक्टरच्या वरच्या भागाला, टॉप लिंकच्या कानाला बांधून ओढू नका. पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. जुन्या ट्रॅक्टरला डोक्यावर लोखंडी कमानही नसते. ओढायचंच तर खालच्या ड्रॉबारवरून.

आणि उचललेल्या नांगराखाली हात घालू नका. जुनं हायड्रॉलिक हळूहळू गळतं, इंजिन बंद झाल्यावर नांगर आपोआप खाली येतो. बोल्ट आवळायचा असेल तर आधी खाली ठोकळा.

हंगाम संपल्यावर

नांगराचे पंख, म्हणजे माती पालथी करणारे वक्र पत्रे, आरशासारखे असले पाहिजेत. काळी माती खरखरीत पत्र्याला चिकटते, चिकटली की माती मातीवर घासत जाते आणि ओढ वाढते. पहिल्याच पावसानं गंज चढतो, आणि तो उतरवायला पुढच्या वर्षी अर्धा दिवस जातो. म्हणून शेवटच्या फेरीनंतर त्याच दिवशी धुवा, पुसा, आणि पंख, फाळ, लँडसाइडवर ग्रीस चोपडा. जळकं इंजिन ऑइल लावायचा सल्ला सगळे देतात. मी दोनदा ऐकला. श्रावणापर्यंत ते पावसानं नि धुळीनं निघून गेलं होतं, खाली गंज तयार. ग्रीस महाग वाटत असेल तर कमी लावा, पण ग्रीसच लावा.

नवीन पंखांना कारखान्याचा रंग असतो. तो काळ्या रानात निघत नाही, तिथे उलट माती चिकटते. मुरमाड तुकड्यात चार फेऱ्या मारा, लखलखीत होतात.

जुन्या गोष्टी सोडत नाहीत माणसं. इथूनच जवळ किर्लोस्करवाडीत १९१० मध्ये कारखाना उभा राहिला. त्याआधी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून लोक घेत नव्हते म्हणे. आमच्या बांधावरचा दगडवाला त्यांचाच वंशज असावा.

नांगर कधी मातीवर ठेवू नका, दोन फळ्यांवर ठेवा, फाळ टेकणार नाहीत असा. फाळाचे बोल्ट पहिल्या दिवशी दुपारी एकदा आवळा, नवे फाळ बसवले असतील तर संध्याकाळी पुन्हा. हे बोल्ट चौकोनी मानेचे, सपाट डोक्याचे असतात, डोकं फाळाच्या पातळीत बसतं. मिळाला नाही म्हणून षटकोनी डोक्याचा घातला तर त्या उंचवट्यापाशी माती धरते. तालुक्याला जाल तेव्हा डझनभर आणून ठेवा. आणि टॉप लिंक ट्रॅक्टरला टांगून ठेवायची नाही. काढून, आट्या साफ करून, ग्रीस भरून, घरात खुंटीवर.