रात्रीच्या औषधांच्या राउंडआधी: तयारीची यादी, आणि सिरिंजवरचा आकडा

मेडिकल वॉर्डची नाइट लागली की औषधांची ट्रॉली हलवण्याआधी काय काय बघून घ्यायचं, ते एका जागी लिहून ठेवते आहे. हात धुणं, ट्रॉली पुसणं, शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुयांचा, डबा भरला असेल तर बदलणं, ‘फाइव्ह राइट्स’ (योग्य पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ) म्हणून दाखवणं, हे सगळं पहिल्या वर्षापासून पाठ आहे. त्यावर शब्द घालवत नाही. पाठ असूनही जे सुटतं तेवढंच इथे आहे. त्यातलं एक माझ्याच हातून सुटलं होतं, त्यामुळे ते तुम्हाला कंटाळा येईपर्यंत पुन्हा पुन्हा येणार. वैतागू नका.

ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, टेबलापाशी बसून घेऊ नका, पेशंटच्या कॉटपाशी उभं राहून घ्या. ट्रीटमेंट शीटवर सही नाही म्हणजे औषध दिलेलं नाही असं परस्पर धरू नका. संध्याकाळच्या घाईत औषध दिलं जातं आणि सही राहते. तुम्ही पुन्हा दिलंत की डोस दुप्पट. संध्याकाळची स्टाफ लिफ्टपर्यंत पोचायच्या आत विचारा. एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही असा, कोण आहे, आज कुणाची औषधं बदलली आणि अ‍ॅलर्जी कुणाला, हेही तिथेच. फाइलवर अ‍ॅलर्जीची जागा कोरी असली तर ‘नाही’ असा अर्थ काढू नका, कुणी विचारलेलंच नसतं. आणि आजोबांना ‘अ‍ॅलर्जी आहे का’ असं विचारलंत तर ते नाहीच म्हणणार. ‘कधी एखाद्या गोळीने किंवा इंजेक्शनने अंगावर पुरळ उठलं होतं का, तोंड सुजलं होतं का, दम लागला होता का’, असं विचारा. मग बघा काय काय निघतं ते.

ट्रीटमेंट शीट वाचताना आकड्यांवर नजर ठेवा. इंग्रजी ‘यू’ घाईत लिहिला की शून्यासारखा दिसतो आणि १० यूनिटचे १०० होतात. ५.० मधला ठिपका पुसट असेल तर ५०. वाचता येत नसेल तर रेसिडेंट डॉक्टरांना उठवा. ते चिडतील, चिडू द्या. फोनवर ऑर्डर घेतलीत तर लिहून घ्या आणि लिहिलेलं परत वाचून दाखवा, ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ तेही. मेथोट्रेक्सेट दिसलं की हात थांबला पाहिजे. सांधेदुखीसाठी ते आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही. त्याच पेशंटला फॉलिक अ‍ॅसिडही चालू असतं, आणि फॉलिट्रॅक्स आणि फॉल्वाइट ही नावं रात्री अर्धवट डोळ्यांनी वाचली की भावंडं वाटतात. पहिलं मेथोट्रेक्सेट, दुसरं फॉलिक अ‍ॅसिड. पहिलं चुकून रोज गेलं तर रक्तपेशी घसरतात, तोंड आतून सोलवटतं, पेशंट दगावूही शकतो.

आता इन्सुलिन. इथे थांबा.

आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, दोन ताकदीच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० यूनिट असतात, दुसरीत १००. सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० वाल्या सिरिंजचं टोपण सहसा लाल असतं, १०० वालीचं नारिंगी. रात्री दोन वाजता ट्यूबलाइटखाली लाल आणि नारिंगी यांत फरक शोधत बसू नका, नळीवर छापलेला आकडा वाचा. व्हायल ४० ची तर सिरिंज ४० ची. व्हायल १०० ची तर सिरिंज १०० ची. यात तडजोड नाही.

जोडी चुकली तर काय होतं, तेही हिशेबाने बघा. १०० ची व्हायल घेऊन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलंत तर आत पाव मिलिलिटर येतं, म्हणजे २५ यूनिट. अडीचपट. उलट केलंत, ४० ची व्हायल आणि १०० ची सिरिंज, तर १० च्या रेघेवर चारच यूनिट. मग सकाळी साखर चढलेली आणि सगळे पेशंटच्या नातेवाइकांनी आणलेल्या केळ्यांवर संशय घेतात. माझ्या बाबतीत पहिला प्रकार झाला. ड्रॉवरमध्ये दोन्ही सिरिंज एकत्र पडलेल्या. मी व्हायल वाचली, डोस वाचला, पेशंटचं नाव विचारलं, सिरिंज वाचली नाही. पहाटे ते काका घामाने निथळत होते आणि स्वतःचं नाव सांगू शकत नव्हते. २५ टक्के डेक्स्ट्रोज चढवल्यावर शुद्धीवर आले. सगळे राइट्स पाळले होते, त्या यादीत सिरिंज नावाचा राइटच नाही.

म्हणून माझी पद्धत अशी: व्हायल आणि सिरिंज एकाच हातात धरायची, दोन्ही आकडे एकमेकांशेजारी आणायचे आणि तोंडाने म्हणायचे. ‘चाळीस, चाळीस.’ मनात नाही, तोंडाने. मावशी हसतात, हसू देत. दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेताना ‘दहा यूनिट आहेत ना गं’ असं विचारू नका, ती हो म्हणणारच. व्हायल आणि सिरिंज दोन्ही तिच्या हातात द्या आणि ‘किती आहे?’ एवढंच विचारा. उत्तर तिला काढू द्या.

इन्सुलिनचं बाकी थोडक्यात. आधी एचजीटी, म्हणजे बोटातल्या थेंबभर रक्तावरची साखर. मग जेवण आलंय का ते डोळ्यांनी बघा, ‘येतंय’ वर जाऊ नका. रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास, लिस्प्रो किंवा अस्पार्ट ही झटपट चालणारी इन्सुलिनं अगदी ताट समोर आल्यावर. एनबीएम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. ढगाळ इन्सुलिन तळहातांत हलकेच फिरवायचं, जोरात हलवायचं नाही. ग्लार्जिन, हे दिवसभर चालणारं इन्सुलिन, कशातही मिसळायचं नाही. व्हायल उघडल्याची तारीख लिहा, बहुतेकांना उघडल्यावर २८ दिवस. इन्सुलिनचं पेन एका पेशंटचं एकालाच, सुई बदलली तरीही. आणि पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढायचं नाही. पेन साधारण १०० चं असतं, ग्लार्जिनचं ३०० चंही मिळतं, आणि तुमच्या हातात ४० ची सिरिंज. पुन्हा तेच.

इन्सुलिनसाठी साधी दोन मिलिलिटरची सिरिंज कधीच नको. शिरेतून सतत चालणारं इन्फ्युजन लावताना हे हमखास होतं. ५० यूनिट ५० मिलिलिटरमध्ये घालायचे असतात. ४० च्या व्हायलमधून ते सव्वा मिलिलिटर होतं, १०० च्या व्हायलमधून अर्धा. कुणीतरी घाईत ‘सव्वा घे’ म्हणतं आणि टेबलावर व्हायल १०० ची असते. पोटॅशियम वाढलेल्या पेशंटला १० यूनिट रेग्युलर आणि २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज द्यायचं असतं तेव्हाही डॉक्टर मागे उभे, मॉनिटर वाजतोय, आणि सिरिंज हाताला लागेल ती उचलली जाते. तेव्हाच आकडा वाचायचा. एरवी कोणीही वाचतं. या पेशंटची एचजीटी नंतरही काही तास दर तासाला करा, डेक्स्ट्रोजचा असर आधी उतरतो आणि इन्सुलिनचा राहतो.

एनएबीएचवाल्या, म्हणजे गुणवत्तेचं मानांकन असलेल्या, रुग्णालयांत हाय-रिस्क औषधांची यादी भिंतीवर असते. ऑडिटच्या आदल्या दिवशी सगळे ती वाचतात. तुम्ही आज वाचा. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलिलिटरची अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरशेजारी ठेवलेली दिसली तर आधी उचलून कुलपात टाका, कुणी ठेवली ते नंतर विचारा. त्या एका अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात आणि थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. नेहमी सलाईनमध्ये, नीट मिसळून, पंपावर. साध्या वॉर्डात मॉनिटर नसताना तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नको. हेपॅरिनच्या ५ मिलिलिटरच्या व्हायलही दोन ताकदीच्या, मिलिलिटरला १००० आणि ५०००. दिसायला सारख्याच. हीच गोष्ट वेगळ्या नावाने, एवढंच.

आयव्हीची तयारी करताना फेनिटोइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये घाला. डेक्स्ट्रोजमध्ये साका धरतो. मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नको, वयस्कांना त्याहून सावकाश. अँफोटेरिसिनचं नेमकं उलट, ते डेक्स्ट्रोजमध्येच. सेफ्ट्रायाक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एका लाइनमध्ये नकोत, रिंगरमध्ये कॅल्शियम असतं. व्हँकोमायसिन एक ग्रॅम सावकाश, किमान शंभर मिनिटं घेऊन, घाई केलीत तर मान-चेहरा लालभडक होतो आणि बीपी पडतं. भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर लेबल लावा. ‘मला माहीत आहे यात काय आहे’ हे लेबल नव्हे.

कॉटपाशी गेल्यावर नाव पेशंटला सांगायला लावा. ‘तुम्ही पाटील ना?’ म्हटलंत तर कमी ऐकू येणारे आजोबा मान हलवतात, आणि पाटील वॉर्डात तीन असतात. नाव आणि आयपीडी (भरतीचा) नंबर, कॉट नंबर नाही, कॉट बदलतात. हृदयाच्या डिगॉक्सिनआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजा, ६० च्या खाली असतील तर थांबा आणि कळवा. पोटॅशियमचा रिपोर्टही बघा, ते कमी असलं की डिगॉक्सिन जास्त बाधतं. मॉर्फिनआधी श्वास मोजा. नाकातून पोटात जाणाऱ्या रायल्स ट्यूबमधून द्यायच्या गोळ्या कुटताना पाकिटावर एसआर, ईआर किंवा रिटार्ड लिहिलंय का बघा. असल्या हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम जातो. पॅन्टोप्राझोलही कुटू नका, पोटातल्या आम्लात ते वाया जातं. आणि उशीखालची पिशवी. घरून आणलेल्या बीपीच्या गोळ्या मुलगा रात्री प्रेमाने देतो, अ‍ॅम्लोडिपिन तुमचंही गेलेलं असतं. गोड बोलून पिशवी मागून घ्या, पावती द्या. पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांनी चाललंय का तेही बघा, दिवसाला सगळं मिळून ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, लिव्हरवाल्यांना त्याहून कमी.

दिल्यावर लगेच सही. आधी नाही, सकाळी एकदम तर नाहीच. पेशंटने गोळी गिळली ते बघून मग पुढे.

मध्यरात्रीनंतर इन्सुलिन घेतलेल्यांकडे एक फेरी. घाम, थरथर, बडबड, किंवा कधी न झोपणारा माणूस गाढ झोपलाय, असं दिसलं तर आधी एचजीटी. ७० च्या खाली आणि शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा एचजीटी. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, डॉक्टरांना हाक आणि शिरेतून डेक्स्ट्रोज. क्रॅश कार्टमध्ये, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीत, २५ टक्के डेक्स्ट्रोज, कॅल्शियम ग्लुकोनेट, मॉर्फिनवरचा उतारा नॅलॉक्सोन आहे का हे राउंडआधीच बघायचं होतं. नसेल बघितलं तर आता बघा.

चूक झालीच तर पेशंट, डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर, इन्सिडेंट फॉर्म, या क्रमाने. लपवू नका.

सकाळी नार्कोटिक रजिस्टर जुळवा, ओव्हर द्या, निघा. त्याआधी ड्रॉवर उघडून ४० च्या आणि १०० च्या सिरिंज वेगळ्या डब्यांत टाका. ४० च्या संपत आल्या असतील तर इंडेंट, म्हणजे स्टोअरकडची मागणी, तुम्हीच भरा. दिवसपाळीवर सोडू नका.