ब्रिटनमध्ये अपील्स ऑफिसरची नोकरी: नव्याने आलेल्यांसाठी

इकडे आल्यावर पहिलं वर्षभर आपल्या मंडळींना दोनच वाटा दिसतात. आयटीतला असेल तर आयटी, नसेल तर सुपरमार्केट किंवा वेअरहाऊसमधली शिफ्ट. बी.कॉम., एलएल.बी., एम.ए. झालेली, बँकेत नाहीतर सरकारी कचेरीत चांगली आठ-दहा वर्षं काढलेली माणसं, त्यातही जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या बायका, 'इथे आपल्या अनुभवाला कोण विचारतंय' असं म्हणून गप्प बसतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फाईल वाचता येणं, नियम आणि माणसाची अडचण शेजारी ठेवून पाहता येणं आणि ते सरळ लिहिता येणं, या तीन गोष्टी तुमच्याकडे असतील तर अपील्स ऑफिसर हे काम तुमच्या आवाक्यातलं आहे. मी आधी काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पार्किंग विभागात आणि पुढे भत्त्यांच्या अपिलांवर काम केलं, त्यामुळे त्या दोन्हींबद्दल जरा जास्त बोलेन.

आधी कामाचं स्वरूप. माहिती अधिकार कायद्यातला प्रथम अपिलीय अधिकारी आपल्याला माहीत असतो. तो दोन्ही बाजू ऐकतो आणि आदेश काढतो. इथल्या बहुतेक अपील्स ऑफिसरांना तो अधिकार नाही. अंतिम निकाल स्वतंत्र ट्रायब्युनल (न्यायाधिकरण), ॲडज्युडिकेटर (लवाद) किंवा पॅनेल देतं. ज्या खात्याच्या निर्णयावर अपील आलंय, तुम्ही त्याच खात्याचे नोकर. मूळ निर्णय कोऱ्या नजरेने पुन्हा तपासायचा, चुकला असेल तर दुरुस्त करायचा, टिकण्यासारखा असेल तर का टिकतो ते पुराव्यासकट लिहून पुढे पाठवायचं. दिवसातला बहुतेक वेळ वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. कोर्टात उभं राहून भाषण ठोकायची हौस असेल तर हिरमोड होईल.

सगळ्यात जास्त जागा असतात त्या डीडब्ल्यूपीत, म्हणजे पेन्शन आणि भत्ते सांभाळणाऱ्या खात्यात. भत्ता नाकारला किंवा कमी दिला की माणसाला आधी खात्याकडेच फेरविचार मागावा लागतो. ही 'मँडेटरी रिकन्सिडरेशन'ची पायरी २०१३ पासून आहे. तिथेही नकार आला तर एका महिन्यात ट्रायब्युनलकडे अपील. त्यावर खात्याचं उत्तर २८ दिवसांत जायला हवं आणि ते उत्तर लिहिणारा म्हणजे अपील्स ऑफिसर. सुनावणीला जाऊन बाजू मांडणारा प्रेझेंटिंग ऑफिसर वेगळा असू शकतो.

काम कसं असतं ते एका नमुन्यावरून सांगते. प्रकरण मी रचलेलं आहे, नियम खरे आहेत. अपंगत्वासाठीचा पिप हा भत्ता गुणांवर ठरतो. रोजच्या जगण्याच्या भागात ८ गुण झाले तर साधा दर, १२ झाले तर वरचा. संधिवात असलेल्या एका बाईंच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालात लिहिलंय, 'भाजी सोलू आणि चिरू शकतात.' स्वयंपाकाच्या प्रश्नाला शून्य गुण. अपिलाच्या अर्जात बाई म्हणतात, चिरते, पण तासभर लागतो आणि मग संध्याकाळपर्यंत हातात कप धरवत नाही. घाईतला ऑफिसर 'चिरू शकतात' एवढं वाचून पुढे जाईल. नियम मात्र असा आहे की ते काम सुरक्षितपणे, ठीकठाक, गरज पडेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात जमायला हवं. वाजवी वेळ म्हणजे हा त्रास नसलेल्या माणसाला जास्तीत जास्त जितका वेळ लागेल त्याच्या दुपटीपर्यंत. शिवाय निम्म्याहून जास्त दिवस काय परिस्थिती असते ते धरायचं, तपासणीच्या दिवशी काय दिसलं तेवढंच नव्हे. आता तोच अहवाल पुन्हा वाचा. वेळ विचारलाच नव्हता. नंतर पुन्हा जमतं का, हेही विचारलं नव्हतं. मदतनीस लागतो असं ठरलं तर इथे ४ गुण, एखादं साधन पुरेसं असेल तर २. अंघोळ, कपडे वगैरे बाकीच्या कामांतही असंच काही निसटलंय का ते बघायचं. बेरीज ८ किंवा जास्त झाली तर ट्रायब्युनलची वाट कशाला बघायची? निर्णय तिथेच बदलता येतो आणि ते अपील तिथेच संपतं. बाईंना फोन करून नवा निर्णय समजावायचा आणि त्यावरही पुन्हा अपील करता येतं हे आठवणीने सांगायचं.

अशा वेळी खात्याची बाजू 'हरली' असं वाटून घेणारे लोक या कामात टिकत नाहीत. चुकीचा निर्णय लढवत बसणं म्हणजे ट्रायब्युनलचाही वेळ घालवणं आणि एका आजारी माणसालाही महिनोन्महिने लटकवणं.

स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर तिथे पिपच्या जागी वेगळा भत्ता आहे आणि तो सोशल सिक्युरिटी स्कॉटलंड चालवतं. तिथल्या पायऱ्याही निराळ्या. नोकऱ्या शोधताना हे लक्षात ठेवा.

दुसरी जागा काउन्सिलमधल्या पार्किंग विभागात. प्रवेशासाठी मला ही सगळ्यात सोपी वाटते, कारण एजन्सीमार्फत तात्पुरती माणसं घेतली जातात आणि कायदा तुलनेने आटोपशीर आहे. इंग्लंडमध्ये काउन्सिलचा दंड १४ दिवसांत भरला तर निम्मा. न भरता वाद घातला तर आधी साधी तक्रार, मग गाडीमालकाला नोटीस गेल्यावर २८ दिवसांत रीतसर म्हणणं, आणि काउन्सिलने ५६ दिवसांत उत्तर दिलं नाही तर तो दंड रद्द धरला जातो. नकार दिला तर गाडीमालक ॲडज्युडिकेटरकडे जातो. लंडनमध्ये लंडन ट्रायब्युनल्स, इंग्लंडच्या बाकी भागात आणि वेल्समध्ये ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल. नकाराचं पत्र तुम्ही लिहिता, आणि त्याची परीक्षा तिथे होते. माणूस म्हणतोय की पाटी झाडाच्या फांदीआड होती, आणि तुम्ही छापील परिच्छेद चिकटवलाय की 'सर्व पाट्या नियमानुसार आहेत'. मग फांदीचं काय? त्याच्या म्हणण्याचा विचारच केला नाही असं ठरलं तर तेवढ्यावर काउन्सिल हरू शकतं. त्यामुळे त्या जागेचा फोटो मागवा, बघा, आणि फांदीबद्दल लिहा.

तिसरी जागा शाळाप्रवेशाची अपिलं. इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळांच्या प्रवेशाचे निकाल १ मार्चला आणि प्राथमिकच्या प्रवेशाचे १६ एप्रिलला कळतात, नंतर उन्हाळ्यापर्यंत सुनावण्यांची रांग लागते. पॅनेलवर किमान तीन स्वतंत्र माणसं असतात आणि त्यांना कायदा सांगणारा, टिपणं घेणारा, निकालपत्र लिहिणारा एक क्लार्क. हा क्लार्क आपल्याकडच्या अर्थाने कारकून समजू नका, त्याच्या शब्दाला वजन असतं. बऱ्याच काउन्सिलांत या क्लार्कांना दिवसाच्या हिशेबाने पैसे मिळतात, त्यामुळे लहान मुलं असलेल्यांना हे काम सोयीचं. जानेवारीपासूनच आपल्या काउन्सिलची साइट बघायला लागा.

विद्यापीठांतही अशा नोकऱ्या असतात, 'स्टुडंट केसवर्क' किंवा 'ॲकॅडमिक अपील्स' या नावाने, आणि त्या जॉब्स डॉट एसी डॉट यूकेवर सापडतात. पेपर तपासणाऱ्याने दिलेल्या गुणांच्या योग्यतेवर अपील होत नाही. कार्यपद्धतीत चूक झाली का, आजारपणासारखी अडचण विचारात घ्यायची राहिली का, एवढंच बघायचं. याखेरीज बेघर म्हणून अर्ज नाकारल्यावरचे गृहनिर्माण फेरविचार आणि एचएमआरसीतली करांची फेरतपासणी आहे. गृहनिर्माणाच्या कामात शिरायला आधीचा अनुभव लागतो, तो दुसऱ्या टप्प्याचा विचार.

शोधताना फक्त 'अपील्स ऑफिसर' टाइप करून थांबू नका. हेच काम 'रिव्ह्यू ऑफिसर', 'रिप्रेझेंटेशन्स ऑफिसर', 'डिस्प्यूट रिझोल्यूशन', 'केसवर्कर', 'ट्रायब्युनल ऑफिसर' अशा नावांनीही जाहीर होतं. केंद्र सरकारी जागांसाठी सिव्हिल सर्व्हिस जॉब्स या साइटवर अलर्ट लावा, काउन्सिलांसाठी प्रत्येकाची स्वतःची साइट.

आता पात्रता. आपल्याकडे सर्रास समज आहे की सरकारी नोकरीला ब्रिटिश पासपोर्ट लागतो. तसं नाही. इथे काम करायचा हक्क असलेल्या कॉमनवेल्थ नागरिकांना सिव्हिल सर्व्हिसच्या बहुतेक जागांसाठी अर्ज करता येतो, आणि भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. काही राखीव जागा फक्त ब्रिटिश नागरिकांसाठी असतात, ते जाहिरातीत लिहिलेलं असतं. स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला आणि ग्रॅज्युएट व्हिसावाल्याला हे काम करता येतं. स्पॉन्सरशिप मात्र मिळेल असं धरून चालू नका. निवड झाल्यावर चौकशी होते. मागच्या ३ वर्षांत मिळून ६ महिने किंवा जास्त काळ देशाबाहेर राहिला असाल तर तिथल्या पोलिसांचा दाखला मागू शकतात, म्हणून भारतातलं पीसीसी आणि जुन्या मालकाचं अनुभवपत्र हाताशी ठेवा. ज्या जागांना वरच्या पातळीची सुरक्षा तपासणी लागते तिथे काही वर्षांचं इथलं वास्तव्य मागतात. त्या सुरुवातीला सोडून द्या.

पगार आयटीवाल्या नवऱ्याच्या निम्माही नसेल कदाचित. पण सिव्हिल सर्व्हिसच्या पेन्शनमध्ये मालकाचा वाटा पगाराच्या पाव हिश्शाहून जास्त असतो, ते हिशेबात धरा.

खरी गाळण होते ती अर्जात, आणि आपली माणसं नेमकी तिथेच अडकतात. सिव्हिल सर्व्हिसच्या अर्जात पदव्यांची यादी फारशी कुणी बघत नाही. नाव झाकून अर्ज तपासला जातो आणि 'निर्णयक्षमता', 'संवाद' अशा प्रत्येक गुणासाठी साधारण २५० शब्दांत एक खरा प्रसंग लिहायचा असतो. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं, या क्रमाने. याला इथे स्टार पद्धत म्हणतात. १ ते ७ गुण, आणि ४ म्हणजे काठावर उत्तीर्ण.

आपल्याला 'मी' म्हणायची सवय नाही. 'आमच्या शाखेत तक्रारींचा वेळेत निपटारा केला जात असे' असं लिहिलंत तर परीक्षकाला गुण द्यायला जागाच उरत नाही. समजा तुम्ही सहकारी बँकेत होता. तर असं लिहा: एका शेतकरी खातेदाराचं कर्ज नामंजूर झालं होतं आणि त्याने तक्रार केली. मी फाईल काढली तेव्हा उत्पन्नाचा दोन वर्षं जुना दाखला धरल्याचं दिसलं. मी नवा मागवला, पात्रता पुन्हा काढली, दोन्ही आकडे शेजारी मांडून व्यवस्थापकांपुढे ठेवले. ते तयार नव्हते, तेव्हा मी परिपत्रकातलं कलम दाखवलं. कर्ज मंजूर झालं, आणि त्याच कारणाने नाकारलेली त्या महिन्यातली बाकी प्रकरणंही मी तपासायला काढली. यात मुख्य क्रियापदांचे कर्ते तुम्ही आहात, विरोध आहे, पुरावा आहे आणि शेवट आहे. प्रसंग भारतातला आहे म्हणून एकही गुण कापला जात नाही.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास वेगवेगळ्या रूपात येतो: सहकाऱ्याचा निर्णय तुम्हाला चुकीचा वाटतोय, वरिष्ठ म्हणतात तसाच पाठवा, काय कराल? 'वरिष्ठांचं ऐकेन' हे उत्तर इथे चालत नाही आणि 'भांडेन' हेही नाही. कुठला नियम, कुठला पुरावा, हे लेखी मांडेन आणि तरीही मतभेद राहिला तर पुढच्या पातळीवर विचारेन, असं सांगा. निवड झाली नाही पण गुण पुरेसे पडले तर राखीव यादीत नाव ठेवतात, ती बहुधा वर्षभर चालते. त्या ईमेलला नकार समजून पुसून टाकू नका.

अनुभवच नाही म्हणणाऱ्यांना सिटिझन्स ॲडव्हाइस या लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक व्हा असं सांगते. तिथे रीतसर प्रशिक्षण देतात आणि भत्त्यांचे अर्ज, फेरविचाराची पत्रं दुसऱ्या बाजूने बघायला मिळतात. शाळाप्रवेशाच्या पॅनेलवरही स्वयंसेवक लागतात. घरबसल्या वाचायला डीडब्ल्यूपीचं निर्णय घेणाऱ्यांसाठीचं मार्गदर्शन, इंग्लंडमधल्या शाळा अपिलांची २०२२ची संहिता आणि अप्पर ट्रायब्युनलचे, म्हणजे वरच्या न्यायाधिकरणाचे, निकाल सरकारी साइटवर फुकट आहेत. आठवड्याला एखादा निकाल वाचलात तरी इथलं सरळ, छोट्या वाक्यांचं इंग्रजी अंगवळणी पडेल. 'काइंडली डू द नीडफुल' मात्र विमानतळावरच सोडून यावं.

नोकरी लागल्यावरची एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती आपल्या लोकांतच जास्त होते. मंडळाच्या गणपतीत आरती झाली की कुणीतरी काकू बाजूला घेऊन म्हणतील, 'अगं, माझ्या बहिणीचं प्रकरण तुमच्याकडेच अडकलंय, जरा बघतेस का?' बघायचं नाही. कोणी कुठली नोंद कधी उघडली याचा माग सिस्टिममध्ये राहतो, आणि कामाशिवाय नोंद उघडल्याबद्दल नोकरी जाऊ शकते. ओळखीच्या माणसाची फाईल आपोआप तुमच्या वाट्याला आली तर त्याच दिवशी वरिष्ठांना ईमेल करून ती दुसऱ्याला द्यायला सांगा. काकूंना जवळच्या सिटिझन्स ॲडव्हाइसचा नंबर द्या आणि बहिणीची एक महिन्याची मुदत कधी संपतेय, तेवढं पत्रावरची तारीख बघून आजच तपासायला सांगा.