रक्तदाब असणाऱ्यांनी साखर आणि कोलेस्टेरॉलच्या बाबतीत या चुका टाळा

उच्च रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि आकडा 130/80 च्या आत आला की बहुतेकांना आपले काम झाले असे वाटते. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल हे तिन्ही वाढले की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाच इजा होते, आणि पोटावरच्या चरबीमुळे ते पुष्कळदा एकत्रच वाढतात. आपल्याकडे वजन बेताचे असूनही पुरुषांची कंबर 90 आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेलेली असते. अशांनी केवळ वजनकाट्यावर विसंबू नये.

तपासणीच्या तयारीतच अनेक जण स्वतःची फसवणूक करून घेतात. चार दिवस गोड आणि भात बंद करून रक्त दिले, तर उपाशीपोटीची साखर कदाचित बरी दिसेल, परंतु मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी त्याला फारशी बधत नाही. जेवणानंतरच्या चाचणीला तर काही जण नेहमीच्या पोळी-भाजी-वरण-भाताऐवजी दोन इडल्या खाऊन जातात आणि मधुमेहाची गोळीही टाळतात. अशा रिपोर्टवरून औषधाची मात्रा ठरवायची तरी कशी? रोजचेच जेवण घ्यावे, रोजचे औषध घ्यावे आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजावेत. उपाशीपोटी रक्त देताना, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसल्यास, रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर घेता येते; मधुमेहाची गोळी मात्र खाण्याच्या वेळेसाठी राखून ठेवावी. शरीरात लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी खोटेच वाढलेले दिसू शकते, त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडाही डॉक्टरांना दाखवावा.

उपाशीपोटीची साखर 100 ते 125 म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, तर 126 किंवा अधिक आकडा पुन्हा तपासल्यावरही आला तर मधुमेह. कोलेस्टेरॉलचे गणित मात्र वेगळे आहे. लॅबच्या कागदावरची मर्यादा सर्वांसाठी एकच छापलेली असते, पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या व्यक्तीचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 70 च्याही खाली आणण्याचा प्रयत्न असतो. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिले आहे म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करणे हे तर मला फारच काळजीचे वाटते, कारण तो आकडा त्या गोळीमुळेच खाली आलेला असतो. गोळीने स्नायू दुखत असतील तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात.

खाण्यातील चुका सर्वांना ठाऊक आहेत, तरी दोन सांगायलाच हव्यात. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवरील ‘कोलेस्टेरॉलविरहित’ या शब्दाला काही अर्थ नाही, कारण कोणत्याच वनस्पती तेलात लक्षात घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते; तेलाचे प्रमाण मोजणे महत्त्वाचे. आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी हा हलका आहार नव्हे, तिने साखर वेगाने चढते.

शेवटची बाब मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी. रक्तदाबाची काही औषधे, विशेषतः बीटा ब्लॉकर, साखर खाली गेल्यावर होणारी धडधड आणि थरथर झाकून टाकतात. घाम मात्र येतो. अचानक दरदरून घाम फुटला तर थांबून साखर तपासावी, आणि ती 70 च्या खाली असल्यास लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी.