केप ब्रेटनला नाचायला जाण्याआधी

उन्हाळ्यात कॅनडात नोव्हा स्कोशियाला जाणार असाल, तर केप ब्रेटन बेटावरच्या वेस्ट माबू गावच्या हॉलमधल्या स्टेप-डान्ससाठी, म्हणजे फिडलच्या सुरांवर पायांनी ताल धरणाऱ्या स्कॉटिश वळणाच्या नाचासाठी, शनिवारची रात्र मोकळी ठेवा. हॅलिफॅक्सहून माबू गाडीने साधारण तीन तासांवर आहे आणि नाच रात्री उशिरापर्यंत चालतो, म्हणून मुक्काम जवळपासच ठरवा. ऑक्टोबरच्या सेल्टिक कलर्स या संगीत महोत्सवात जायचं असेल, तर खोली फार आधी धरायला हवी. हॉलची वेळ निघण्यापूर्वी पुन्हा विचारून घ्या आणि खिशात थोडे सुटे डॉलर ठेवा.

सगळ्यात जास्त विचार बुटांचा करा. कडक चामडी तळव्याचे, पायात घट्ट बसणारे बूट हवेत. रबरी तळवा लाकडी जमिनीला धरून बसतो, पाऊल सरकत नाही, गिरकी घेताना गुडघा पिळला जातो आणि टाचेचा आवाजही उमटत नाही. तो आवाज तर हवाच, कारण इथे पाय तालवाद्यासारखे वाजतात. किल्ट (चौकड्यांचा स्कॉटिश घागरा) वगैरे काही नको. तो स्पर्धेतल्या स्कॉटिश हायलँड नृत्याचा पोशाख, तो नाचच वेगळा. इथे लोक रोजच्या कपड्यांत येतात. घाम भरपूर येतो, तेव्हा एक जादा शर्ट बरोबर असू द्या.

मग कान तयार करा. केप ब्रेटनचे वादक बडी मॅकमास्टर (१९२४–२०१४) यांचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, रोज ऐका. स्ट्रॅथस्पे आणि रील हे नाचाच्या धुनांचे दोन प्रकार. स्ट्रॅथस्पे उसळत, झटके देत चालतो, रील सरळ धावते. वादक मध्ये न थांबता एकातून दुसऱ्यात शिरतो आणि नाचणाऱ्याला त्याच क्षणी पाऊल बदलावं लागतं. स्वयंपाकघरातल्या फरशीवर सराव करा: अंग सरळ, हात सैल, गुडघे मऊ, पावलं जमिनीलगत. उड्या मारू नका, जमिनीलगतचं पाऊल हीच तिथे कौतुकाची गोष्ट. जोड्यांनी मिळून नाचायच्या स्क्वेअर सेटमध्ये आधी जिग (आणखी एक धुनप्रकार) आणि शेवटी रील, एवढं माहीत असलं तरी पुरे. बाकीचं शेजारची जोडी पाहून जमतं.

थोडा इतिहासही वाचून जा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ भागातून आणि बेटांवरून आलेल्या, कित्येकदा जमिनीवरून हुसकावलेल्या, गेलिक भाषा बोलणाऱ्या कुटुंबांनी हा नाच घराघरांत जपला. मूळ मुलखात तो जवळपास विसरला गेला होता. १९९०च्या दशकात केप ब्रेटनच्या शिक्षकांनी तो स्कॉटलंडच्या स्काय बेटावर नेऊन पुन्हा शिकवला. मला या साऱ्यात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

मोबाइल मात्र खिशात ठेवा. चित्रण करायचं तर आधी विचारा. दोन सेटच्या मधल्या वेळात कुणी एकटं नाचायला उतरलं, तर जागा मोकळी करून मागे सरका. आणि पावलं नीट शिकायचीच असतील, तर केप ब्रेटनवरच्याच सेंट ॲन्स इथे १९३८ साली स्थापन झालेल्या गेलिक कॉलेजातले उन्हाळी वर्ग पाहा, प्रवासाच्या तारखा त्या वर्गांप्रमाणेच ठरवा.