सायलेन्सर फुटला: कुठे कोणता सीलंट चालेल?

दुकानदार ट्यूबवरचा अंशांचा आकडा दाखवतो. तो नंतर पाहा, आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधा. पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनमधून धूर जिथे नळीत उतरतो तिथे, तो ६०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि मागच्या सायलेन्सरच्या डब्यापर्यंत येताना बराच निवतो. त्यामुळे एकच सीलंट सगळीकडे चालत नाही.

गळती शोधायची ती थंड गाडीवर. मोकळ्या जागेत, बेसमेंट पार्किंगमध्ये नव्हे, इंजिन सुरू करा. हातमोजे घालून मागच्या नळीच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर धरायला कुणाला तरी सांगा. फुसफुस जिथून येते ती जागा खडूने खुणेची करा. सांध्याभोवती काजळीचा काळा डाग असेल तर तोही पुरावाच. खाली शिरायचं असेल तर गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नको.

एका नळीत दुसरी नळी बसवलेला सांधा असेल तर एक्झॉस्ट पेस्ट घ्या. ही सोडियम सिलिकेटवर आधारलेली असते आणि १००० अंशांच्या आसपास टिकते, पण वाळल्यावर ठिसूळ होते. इंजिनचं माउंटिंग सैल असेल किंवा सायलेन्सरचे रबर हँगर तुटले असतील तर ती महिनाभरात तडकेल. म्हणून आधी हँगर बदला. दोन फ्लँज (नळीच्या टोकाच्या सपाट कडा) बोल्टांनी जोडलेले असतील तिथे पेस्टच्या भानगडीत पडू नका, नवं पॅकिंगच टाका. लाल किंवा कॉपर आरटीव्ही सिलिकॉन (साध्या तापमानाला हवेत घट्ट होणारं) लवचिक असतं, पण सतत साधारण २६० ते ३०० अंशच सोसतं. मॅनिफोल्डवर ते जळून भुगा होतं. मागच्या टोकाला वापरायचं असलं तरी ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलं असल्याची खात्री करा. साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) निकामी करू शकते. नळाच्या गळतीला लावतात ती इपॉक्सी पुट्टी इथे अजिबात नको.

नळीला छोटं भोक असेल तर एक्झॉस्ट बँडेज (उष्णता सोसणारी पट्टी) गुंडाळा: भोकाच्या दोन्ही बाजूंना ४–५ सेंटिमीटर चांगला पत्रा झाकला गेला पाहिजे. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा आत जात असेल तर नळी आतून सडली आहे. तिथे तुकडा वेल्ड करणं किंवा भाग बदलणं हाच इलाज. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग मिळतात, पण घेण्याआधी आतून टॉर्च मारून पाहा.

पेस्ट लावण्याआधी तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज खरवडा, थिनरने पुसा आणि थिनर पूर्ण उडू द्या. थर २ मिलिमीटरच द्या. जाड थरात पाणी अडकतं, गरम झाल्यावर त्याची वाफ होते आणि पेस्ट फुगून फुटते. सांधा क्लँपने आवळा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पाळा. नंतर गाडी दहा मिनिटं आयडलवर ठेवा, थंड होऊ द्या, मगच रस्त्यावर काढा.

मुंबईत खरी अडचण जून ते सप्टेंबरची. गरम होऊन पक्की होण्याआधी ही पेस्ट पाण्यात विरघळते. लावल्या लावल्या तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेली की मेहनत धुऊन जाते. छपराखाली काम करा आणि रात्रभर तिथेच ठेवा. शक्यतो पावसाळ्याआधी, मे महिन्यातच उरका.

ऑक्सिजन सेन्सरच्या पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूला, गळती असेल तर दुरुस्ती लांबवू नका. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, ‘इंधन कमी पडतंय’ असं ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) वाटतं आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. मायलेज पडतं आणि पीयूसीही अडकू शकतं. केबिनमध्ये धुराचा वास आला तर काचा उघडा आणि गाडी बंद करा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो.

आणखी एक: डब्याच्या तळाला कारखान्यातूनच पाडलेलं बारीक गोल भोक दिसलं तर ते बुजवू नका. साचलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं.