रीलला व्ह्यूज भरपूर, मग ग्राहक का टिकत नाही? इस्टेट एजंटांनी या चुका टाळा

घर घ्यायला निघालेला माणूस आता एजंटला फोन करण्याआधी त्याचं इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप स्टेटस चाळतो. तिथे दिसतं काय? ‘लास्ट २ युनिट्स’, मग सणाच्या शुभेच्छांचं चित्र, त्याखाली पुन्हा ‘लास्ट २ युनिट्स’. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायला निघालेल्या माणसाला यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. मेहनत सगळेच करतात, पण ती जाहिरातीवर खर्च होते आणि ओळख वाढवायची राहून जाते. खालची उदाहरणं पुण्याची आहेत. दुसऱ्या शहरात आकडे बदलतील, चुका बहुतेक याच असतात.

फोन येतात, पण साइट पाहून माणूस परत फिरकत नाही

रीलमध्ये सांगितलेलं आणि जागेवर दिसलेलं जुळत नाही, हे याचं पहिलं कारण. ‘हिंजवडीपासून ५ मिनिटं’ हे रविवारी सकाळी सातला खरं असतं. तो ग्राहक मंगळवारी संध्याकाळी सहाला ऑफिसमधून निघून साइटवर येतो आणि तुमच्या बाकीच्या शब्दांवरचाही त्याचा विश्वास उडतो. त्याच वेळी त्याच रस्त्यावरून गाडी चालवत व्हिडिओ करा आणि लागलेला वेळ सांगा. तो वेळ ज्यांना चालतो तेच लोक फोन करतील आणि तुमच्या फेऱ्याही वाचतील.

क्षेत्रफळाचंही तेच. पोस्टमध्ये ‘११०० स्क्वेअर फूट’ लिहायचं आणि करारनाम्यात कार्पेट (घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारं क्षेत्रफळ) निघायचं ७२०. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्प आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या स्पष्ट आहे. पोस्टमध्ये तोच आकडा टाका. सुपर बिल्टअपची (भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून फुगवलेल्या आकड्याची) भाषा ग्राहकाला बैठकीत कळतेच, आणि तेव्हा त्याला फसल्यासारखं वाटतं.

किंमत लपवणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. ‘किमतीसाठी डीएम करा’ असं लिहिलं की चौकशा वाढतात, पण त्यातल्या बऱ्याच बजेटबाहेरच्या निघतात, आणि खरा ग्राहक वैतागून पुढे जातो. माझं मत असं की किंमत तर लिहाच, वरचा खर्चही लिहा. समजा पुणे महापालिका हद्दीत बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पातला ७० लाखांचा फ्लॅट आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ४ लाख ९० हजार, नोंदणी फी ३० हजार, जीएसटी ५ टक्क्यांनी साडेतीन लाख. म्हणजे पार्किंग आणि सोसायटीचे पैसे धरायच्या आधीच ८ लाख ७० हजार वर गेले. घर बाईंच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे इथे ७० हजार वाचतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला जीएसटी लागत नाही. हा हिशेब एका साध्या चित्रात मांडून टाका. घर शोधणारं कुटुंब तो सेव्ह करून ठेवतं आणि घरच्या ग्रुपवर पाठवतं.

उन्हाळ्यात टँकर लागत असेल तर ते सांगायचं का? बिल्डरकडून ब्रोकरेज घेणाऱ्या एजंटची इथे अडचण होते, हे खरं आहे. रीलमध्ये नाही बोलता आलं तरी साइट दाखवण्याआधी त्या ग्राहकाला मेसेजमध्ये सांगा. पझेशननंतर पहिल्या एप्रिलमध्ये त्याला ते कळणारच आहे, आणि त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव निघेल.

मेसेज जातात, उत्तर येत नाही

आधी तांत्रिक बाजू तपासा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याच्यापर्यंत तो मेसेज पोचतच नाही. म्हणून पहिल्या भेटीतच आपलं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवा आणि सेव्ह करायला सांगा.

पोचूनही उत्तर नसेल तर मेसेज त्या माणसाचा नाही. भाड्याने वन बीएचके शोधणाऱ्या मुलीला एनए (बिगरशेती) प्लॉटची जाहिरात रोज गेली तर ती तुम्हाला ब्लॉक करणारच. बऱ्याच जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर नंबरच बंद पडू शकतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबलची सोय आहे. ‘टू बीएचके रीसेल’, ‘भाड्याने’, ‘दिवाळीनंतर घेणार’ अशी लेबलं लावा आणि ज्याला लागू पडतं त्यालाच पाठवा.

आणि साइट पाहून झाल्यावर त्याच संध्याकाळी त्याच घराबद्दल लिहा. असं काहीतरी: ‘नमस्कार काका, आज पाहिलेल्या कोथरूडच्या फ्लॅटबद्दल. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं आहे, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे. लिफ्ट बदलायचा ठराव झालाय, त्याची वर्गणी नव्या मालकाला भरावी लागेल. काकूंनी विचारलेल्या पार्किंगचं सेक्रेटरींशी बोलून उद्या सांगतो.’ आणि उद्या खरंच सांगा. माझ्या मते शंभर रील्सनी जे होत नाही ते या एका मेसेजने होतं.

गेलेल्या फ्लॅटची पोस्ट तशीच ठेवून ‘तो गेला, दुसरा दाखवतो’ म्हणणं बंद करा. पोस्टवर ‘विकला गेला’ लिहिलंत की ग्राहकाला तुमचं काम चालू असल्याचंही दिसतं.

बिल्डरच्या जाहिरातीवर स्वतःचा फोटो चिकटवताना

महारेराने (रेरा कायदा राबवणाऱ्या राज्यातल्या प्राधिकरणाने) १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आणि तो नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड ठेवला. एजंट स्वतःचा फोटो आणि नंबर बसवायला जाहिरात कापतात, त्यात नेमका तो कोडच कापला जातो. तसं करू नका. प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होणारा आणि आपला ‘ए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक प्रोफाइलमध्ये आणि पोस्टमध्ये ठसठशीत ठेवा. सावध ग्राहक तो महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघतो. ‘प्री-लाँच’च्या नावाखाली नोंदणी न झालेला प्रकल्प स्टेटसला लावणं तर टाळाच. असा प्रकल्प विकल्यास रेरा कायद्याच्या कलम ६२ नुसार एजंटला रोज १० हजार रुपये दंड आहे आणि तो घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढतो.

ग्राहकाचा नंबर, फोटो आणि कागद

सगळ्या चौकशा एका ग्रुपमध्ये टाकू नका. प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. त्यात दुसरा एजंट शिरला की तुमची पार्टी गेली, आणि एखाद्या ताईंना अनोळखी फोन सुरू झाले तर त्याला जबाबदार तुम्हीच.

चावी देतानाचा फोटो टाकण्याआधी स्पष्ट विचारा. आपल्याकडे घर घेतल्याचं अनेक जण वास्तुशांतीपर्यंत नातेवाइकांनाही सांगत नाहीत. होकार मिळाला तरी फ्लॅट नंबर आणि दारावरची पाटी फ्रेममध्ये येऊ देऊ नका. आधारची प्रत मागताना मास्क केलेलं आधार चालतंय का ते आधी बघा आणि काम झालं की फोनमधून ती काढून टाका.

व्यवहार झाला की सगळं शांत

ब्रोकरेज हातात पडलं की चॅट थांबते आणि पुढचा मेसेज थेट पाडव्याच्या शुभेच्छांचा जातो. खरं तर रजिस्ट्रेशननंतरचे काही महिने ग्राहक सगळ्यात गोंधळलेला असतो. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) कुठून काढायचा, महावितरणच्या बिलावर नाव कसं लावायचं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कधी मिळणार. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराला खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, हे व्यवहाराच्या आधीच त्याच्या कानावर घाला. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. नव्या मालकाला हे कुणी सांगितलेलं नसतं. अर्ज कुठे द्यायचा आणि कोणते कागद जोडायचे, याची एक मिनिटाची क्लिप मराठीत करा. ज्यांना घरं दिलीत त्यांना ती नावानिशी पाठवा, मग प्रोफाइलवर टाका.