टचपॅड आणि कीपॅडच्या ड्रायव्हरची निगा: खेड्यातील संगणकचालकांसाठी

यवतमाळ किंवा गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायतीत जो लॅपटॉप सातबारा, दाखले आणि पीक विम्याच्या अर्जांसाठी दिवसभर राबतो, त्याचा टचपॅड अडला की संशय लगेच ड्रायव्हरवर, म्हणजे संगणक आणि उपकरण यांच्यात दुवा साधणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जातो आणि मोबाइलचे हॉटस्पॉट जोडून कोठूनतरी नवा ड्रायव्हर उतरवला जातो. अशा घाईत मूळ दोष तसाच राहून चांगला चालणारा ड्रायव्हर मात्र हातचा जाण्याची शक्यता असते. म्हणून आधी इतर कारणे तपासावीत, चालत्या ड्रायव्हरची प्रत जपून ठेवावी आणि बदल शेवटी करावा, असा क्रम या लेखात धरला आहे.

पडद्यावरचा बाण थरथरत असेल किंवा आपोआप उड्या मारत असेल, तर प्रथम चार्जर काढून लॅपटॉप केवळ बॅटरीवर चालवून पाहावा. टचपॅड बोटाचा स्पर्श विद्युतधारितेतील अत्यंत सूक्ष्म बदलावरून ओळखतो. चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट जमिनीत उतरायला वाट मिळाली नाही, तर तो त्याच मापनात मिसळतो आणि टचपॅडला नसलेली बोटे दिसू लागतात. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडातून लावलेला असणे, सॉकेटला अर्थिंगची तारच नसणे, किंवा चैत्र-वैशाखात जमीन सुकल्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढलेला असणे, ही याची नेहमीची कारणे होत. खड्ड्यात पाणी टाकल्यावर टचपॅड ताळ्यावर आला, तर ड्रायव्हरकडे पाहण्याचे कारण उरत नाही. लाइन गेल्यावर इन्व्हर्टरवर काम करतानाच त्रास होत असेल, तर इन्व्हर्टरकडेही संशयाने पाहावे. टचपॅडचा भाग वर उचललेला दिसत असेल किंवा त्याची टिचकी बसत नसेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा व तो दुरुस्तीला द्यावा, दाबून सपाट करू नये.

काही तक्रारी निव्वळ सेटिंगच्या असतात. उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून राहिली की विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ची सोय सुरू होऊ शकते आणि मग हलक्या हाताने दाबलेल्या कळा उमटत नाहीत. नम लॉक बंद असेल तर अंकांचा कीपॅड आकडे न उमटवता बाणांच्या कळांसारखा चालतो. यूएसबी माउस जोडल्यावर टचपॅड बंद ठेवण्याचा पर्याय सेटिंग्जमधील टचपॅडच्या पानावर असतो, आणि अनेक लॅपटॉपवर वरच्या ओळीतील एखादी कळही टचपॅड बंद करते. मराठी टंकताना भलतेच अक्षर उमटले, तर विंडोज कळ आणि स्पेस बार एकत्र दाबून इन्स्क्रिप्ट की इंग्रजी मांडणी चालू आहे ते पाहावे.

यानंतर संगणक ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करावा. फास्ट स्टार्टअप चालू असलेल्या विंडोजमध्ये शट डाउन करताना प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपली जाते व पुढच्या वेळी तीच उचलली जाते, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये तो नव्याने सुरू होतो. रोज संध्याकाळी संगणक बंद करूनही दोष जात नाही, याचे कोडे येथे सुटते.

सर्व काही सुरळीत चालू असतानाच ड्रायव्हरची प्रत घ्यावी, कारण बिघाडाच्या दिवशी नेमके नेटवर्क नसते. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडून विंडोजमधीलच ‘पीएनपीयूटिल’ (pnputil) या आज्ञेला एक्स्पोर्ट-ड्रायव्हर (/export-driver) हा पर्याय, ताराचिन्ह (*) आणि पेन ड्राइव्हवर आधीच तयार केलेल्या फोल्डरचा पत्ता दिला, की बाहेरून बसवलेले सर्व ड्रायव्हर तेथे उतरतात. विंडोजसोबतच आलेले ड्रायव्हर त्यात येत नाहीत, आणि त्यांची गरजही नसते.

प्रत्यक्ष दुरुस्ती डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधील उपकरणांच्या यादीत, होते. विंडोज कळ व एक्स एकत्र दाबून नंतर एम दाबल्यास तो उघडतो, म्हणजे टचपॅड मेला तरी वाट मोकळी असते. टॅब आणि बाणांच्या कळांनी पुढे सरकता येते. कीबोर्डच बंद असेल, तर टचपॅड किंवा माउसने पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा. टचपॅड ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस’ किंवा माउसच्या गटात सापडतो. त्याच्या माहितीत कोड २८ दिसला तर ड्रायव्हर बसलेलाच नाही, ३९ म्हणजे तो खराब किंवा गहाळ आहे, आणि १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही. कीबोर्डवर कोड १९ आला तर रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातील, नोंद बिघडलेली असते. नुकतेच एखादे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर काढले असेल, तर पूर्वीच्या रिस्टोर पॉइंटकडे, म्हणजे विंडोजने जपलेल्या आधीच्या स्थितीकडे, परतणे हा माझ्या मते सर्वांत सुरक्षित उपाय आहे.

अद्यतनानंतर बिघाड झाला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरावे. ते बटण फिके दिसले, तर मागची आवृत्ती शिल्लक नाही असे समजावे. मग ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून रीस्टार्ट करावे, परंतु ड्रायव्हरची फाइलही पुसण्याच्या चौकटीत खूण करू नये, अन्यथा इंटरनेटशिवाय तो परत मिळणार नाही. तरीही न जमल्यास ‘अपडेट ड्रायव्हर’मधून संगणकावरील फाइल शोधण्याचा पर्याय घेऊन पेन ड्राइव्हवरील फोल्डर दाखवावा.

नवा ड्रायव्हर हवाच असेल, तर तो लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलसाठीच घ्यावा. सिनॅप्टिक्स आणि इलान या कंपन्यांचे टचपॅड अनेक निर्मात्यांच्या लॅपटॉपमध्ये असतात, पण प्रत्येक निर्माता आपल्या जुळवणीप्रमाणे ड्रायव्हर देतो. सर्व ड्रायव्हर एका टिचकीत नवे करून देणारी फुकट सॉफ्टवेअरे मुळीच बसवू नयेत. अद्यतनाचे काम मृग लागण्यापूर्वी उरकावे, कारण पेरणीनंतर पीक विम्याची रांग लागली की बिघाड निस्तरायला वेळ मिळत नाही. गर्दीच्या दिवसांत हॉटस्पॉटची जोडणी ‘मीटर्ड’ (मोजक्या डेटाची) म्हणून नोंदवल्यास विंडोज बहुतेक अद्यतने आपोआप उतरवत नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने त्या संगणकांवर ड्रायव्हरची जपून ठेवलेली प्रत अधिकच मोलाची ठरते.

शाळेच्या संगणकावर लिनक्स असेल तर काम सोपे आहे, कारण तेथे हे ड्रायव्हर बहुधा कर्नेलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, असतात. नव्या कर्नेलनंतर टचपॅड बंद पडल्यास ग्रबच्या, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या निवडयादीच्या, प्रगत पर्यायांतून जुने कर्नेल निवडून पाहावे आणि त्यावर तो चालत असेल तर ते काढून टाकू नये.

पतसंस्थेच्या काउंटरवरील यूएसबी कीपॅड थोडा वेळ न वापरल्यावर झोपी जात असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधील वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्यावी. एवढे करूनही काही कळा उमटत नसतील, तर संगणक सुरू होताना बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीच्या, पडद्यावर त्या दाबून पाहाव्यात. तेथे विंडोजचा ड्रायव्हर सुरूच झालेला नसतो, त्यामुळे बायोस एरवी जिला प्रतिसाद देते अशी कळ तेथेही मुकी राहिली तर धूळ, ओल किंवा तुटलेली पट्टी हेच कारण असते आणि कीपॅड बदलावा लागतो.